स्टँडपर्यंत मातीचे क्रेट

वारूळवाडीतल्या आमच्या घरापासून एसटी स्टँड चालत दहा मिनिटांवर. पण मोटारसायकलचा धक्का लागून पडल्यापासून सासूबाई वर्षभर तिकडे पायी गेल्या नव्हत्या. पिंपरी पेंढारच्या बहिणीकडे जायचं तर माझ्या नवऱ्याच्या रविवारची वाट बघायची. "माझं पार पार्सल झालंय," म्हणायच्या. मला पंधरा वर्षं हुकमावर नाचवलेली बाई आता काही सांगतच नव्हती. त्याचाच मला राग यायचा.

म्हणून ग्रामपंचायतीने रस्त्याची एक कड फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवून आठ दिवस बघू म्हटलं, तेव्हा माझं नाचायचंच बाकी होतं! गल्लीतल्या आम्ही बायकांनी घरोघरचे टोमॅटोचे रिकामे क्रेट आणून संध्याकाळी स्टँडपर्यंत रांग लावली.

सकाळी बघते तर एकही क्रेट जागेवर नाही. ऐन टोमॅटोचा हंगाम, पहाटे बाजाराला निघालेल्या पिकअप, आणि रस्त्यावर आम्ही मांडून ठेवलेले रिकामे क्रेट! मूर्ख आम्हीच. कोपऱ्यावरचे कापडवाले शेठजी फक्त एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकानं गाडी लावायची कुठं?" तर मी सगळा राग त्यांच्यावर काढला.

सासूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. "अगं, रिकामा क्रेट हितं कोण सोडतंय? माती भरा की. मग उचलतोय कोण!"

दुपारपर्यंत घरोघरचे उरलेसुरले क्रेट पुन्हा जमले, माती आली, मातीत झेंडूची रोपं लागली. शेठजींनी आपणहून दारात खुर्ची मांडली. "बसलेलं माणूस आत येतंच," म्हणाले. मी चांगलीच ओशाळले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पिशवी घेतली. मी निघाले तर म्हणाल्या, "मागनं ये. लांबून."

वीस पावलं मागे राहून मी चालले. मोटारसायकली क्रेटच्या पलीकडून जात होत्या. प्रत्येक हॉर्नला मी दचकत होते, त्या नाही. खुर्चीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, उठल्या. स्टँड आलं! गाडी लागलेलीच होती. आत बसून त्यांनी खिडकीतून हाक मारली.

"जा घरी. भाकरी टाकून ठेव, उद्या दुपारी येते. न्यायला कुणी यायचं नाय."

वर्षभराने मला हुकूम मिळाला होता. तो ऐकून मी स्टँडवर सगळ्यांदेखत रडले.