चेकरबाईंनी नापास केलेला पूल

मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ कोणी निवडायचे, हा प्रश्न आला तेव्हा वाचनालयाच्या कमिटीने तीन नावं पुढे केली. एक प्राध्यापक, एक डॉक्टर आणि एक कॉम्प्युटरचा दुकानदार. प्राध्यापकांना वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, मुलांनी मैदानात खेळावं. दुकानदाराने वीस खेळांचा एक खोका आणून ठेवला आणि खोक्यावरची चित्रं दाखवत बसला. मी म्हटलं, खोका बघून निवडायचं असेल तर माझं डोळे झाकून बसलेलं मांजरही निवडेल. आणि मी चेकरबाईंचं नाव घेतलं.

कमिटी हसली. हसू दे. ते सात कॉम्प्युटर मी आणले होते. एका मोठ्या ऑफिसने नवे घेतले, जुने भंगारात चालले होते. त्यांच्या फाटकापुढे मी चार दिवस बसले तेव्हा कुठे ते वाचनालयाच्या माडीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत आले. मी आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकले ते भांडून शिकले. तेव्हा कोणाला हसायचं आणि कोणाला नाही, हे मला कमिटीने शिकवू नये.

चेकरबाई बावीस वर्षं चेनच्या कारखान्यात होत्या. बॅगेला, पँटीला लावतात ती चेन. प्रत्येक पेटीतून दहा चेन उचलायच्या आणि एकेक दोनशे वेळा उघडायची, लावायची. एक जरी अडकली तरी पेटी परत. मालक म्हणायचा, बाई, जरा हात सैल सोडा. बाई म्हणायच्या, मग चेकर कशाला ठेवलाय, शिक्काच ठेवा की. त्यांच्या उजव्या अंगठ्याला अजून खाच आहे. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला, सून दवाखान्याच्या काउंटरवर. दिवसभर घरी बाई आणि आठ वर्षांची नात. नात म्हणजे बाईंचीच दुसरी आवृत्ती. तिला 'हो' म्हणायला लावणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

मी विचारायला गेले तेव्हा बाई भांडी पुसत होत्या.

"मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या.

"चेनमधलं तरी कुठे कळत होतं, पहिल्या दिवशी?"

"पुढारीणबाई, तुझं हे बोलणं ना, भाषणासाठी ठेव." पण दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला माडीवर हजर. बरोबर वही, पेन आणि दोरा लावलेल्या लाल चिठ्ठ्यांचं बंडल. कारखान्यात नापास मालाला असली चिठ्ठी बांधत.

त्या खेळ तपासायच्या ते बघायला मी बसायची. एकेक खेळ तीनदा. पहिल्यांदा शहाण्या मुलासारखा. दुसऱ्यांदा मुद्दाम चुकत. तिसऱ्यांदा चिडलेल्या पोरासारखा, हाताला लागेल ते बटण बडवत. "जिंकल्यावर सगळेच गोड बोलतात गं," त्या म्हणायच्या. "हरल्यावर पोराशी कसा वागतो ते बघायचं."

दुकानदाराच्या खोक्यातल्या एका बेरजेच्या खेळाची तर त्यांनी सालं काढली. उत्तर बरोबर आलं की एक बारीकशी खूण यायची, बस. चुकलं की एक विदूषक धपकन पडायचा, त्याची पँट फाटायची, वर फटाके. बाईंनी सात वेळा चुकीचं उत्तर दिलं, पोट धरून हसल्या आणि वहीत लिहिलं, 'या खेळात पोरं मुद्दाम चुकतील. परत.' दुसरा एक खेळ दर दोन मिनिटांनी नवी गाडी विकत घ्यायला सांगायचा. तोही परत. तिसऱ्यात पळणाऱ्या घोड्याला मधेच थांबवून पाढे विचारत. बाई म्हणाल्या, "साखर चाटतील आणि गोळी थुंकतील." वीसपैकी चार राहिले. दुकानदाराचं तोंड कडू झालं. मी दोन दिवस त्याच्या दुकानावरून मुद्दाम फेऱ्या मारल्या.

मग पॉलिटेक्निकमधल्या एका मास्तरांनी पूल बांधायचा खेळ पाठवला. नदी, दोन काठ, थोड्या फळ्या आणि सळया. जोडायच्या आणि वरून ट्रक सोडायचा. बाईंनी अकरा पूल बांधले. अकराही वेळा ट्रक पाण्यात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वहीत लिहिलं, 'माल कच्चा. अकरापैकी अकरा तुटले. परत.' मीही मान डोलावली. मला तरी कुठे कळत होतं.

तो खेळ पाच नंबरच्या कॉम्प्युटरवर होता. तो काढून कसा टाकायचा हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाईंनी कारखान्याच्या रीतीप्रमाणे लाल चिठ्ठी बांधली. खेळाला बांधता येईना, म्हणून अख्ख्या कॉम्प्युटरलाच. सातातलं एक मशीन असं तीन महिने बंद पडून राहिलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

पहिल्या महिन्यात तीस मुलं आली. दुसऱ्या महिन्यात एकोणीस. तिसऱ्या महिन्यात सहा, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला. बाईंनी पास केलेले खेळ स्वच्छ होते. कुठे अडकत नव्हते, कोणाला टाकून बोलत नव्हते. अक्षरं जुळवा, रंग ओळखा, शाबास. अक्षरं जुळवा, रंग ओळखा, शाबास.

कमिटीचे सेक्रेटरी याचीच वाट बघत होते. त्यांना ते कॉम्प्युटर खालच्या हॉलमध्ये हवे होते, लोकांचे सरकारी फॉर्म भरायला. त्यांनी नोटीस लावली. शनिवारी दुपारी कमिटी खोली बघायला येईल. पंधरापेक्षा कमी मुलं दिसली तर खोली बंद. नोटीस लागली तो सोमवार होता.

माझं डोकं फिरलं. तशीच बाईंच्या घरी गेले. मी म्हटलं, मोर्चा काढते. शंभर पोरं आणते.

"मोर्चाला आणशील," बाई म्हणाल्या, "खोलीत कशी बसवणार?"

"मग तुम्ही सांगा."

त्यांनी नातीला हाक मारली. नात दारात पायरीवर बसून चपलेचा पट्टा चावत होती. ती महिनाभर माडीकडे फिरकली नव्हती.

"का येत नाहीस गं?"

"तुझ्या गेममध्ये काही होतच नाही आजी."

"म्हणजे काय होत नाही?"

"काहीच नाही. आपण काहीही केलं तरी शाबास. आईसुद्धा एवढं शाबास म्हणत नाही."

सून आतून म्हणाली, "मला कशाला मधे ओढतेस?"  

मंगळवारी आम्ही माडीवर पोचायला उशीर केला. किल्ली खालच्या शिपायाकडे असते, त्यामुळे खोली आधीच उघडी होती. जिन्यातच ओरडण्याचा आवाज आला. मला वाटलं मारामारी. आत बघते तर पाच नंबरपुढे बाईंची नात आणि सायकल दुरुस्तीवाल्याची चष्मेवाली मुलगी. लाल चिठ्ठी जमिनीवर. दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली.

"तिरकी लाव म्हटलं ना."

"तिरकी लावली तर सळई पुरत नाही."

"मग खालची काढ. ती काय नुसती लोंबतेय. तुझ्या मामासारखी."

ट्रक निघाला. पूल वाकला, मोडला, ट्रक पाण्यात. दोघी खिदळल्या आणि लगेच पुन्हा फळ्या मोजायला लागल्या. मी ओरडायला तोंड उघडलं तर बाईंनी माझा दंड धरला. असा धरला की दुसऱ्या दिवशी बोटं उमटलेली होती.

"किती वेळा पडला?" त्यांनी मागून विचारलं.

नात दचकली, पण उत्तर दिलं. "सत्तावीस. काल संध्याकाळचे धरून."

"आणि कंटाळा नाही आला?"

"दर वेळी वेगळ्या जागी तुटतो ना. आधी मधे तुटायचा. आता कडेला तुटतो." मग जरा रागाने, "तू बघतच नाहीस आजी, कुठे तुटला ते. तू नुसती तुटला म्हणतेस."

बाई स्टुलावर बसल्या. अंगठ्यावरची खाच चोळली. मग मला म्हणाल्या, "चेन अडकली की मी काय करायचे माहितीये? नुसती परत नाही पाठवायची. कितव्या दातावर अडकली ते मशीनवाल्याला जाऊन सांगायचे. त्यावरून तो मशीन सुधारायचा. बावीस वर्षं केलं हे."

"मग?"

"मग काय. मला वाटलं इथे माल म्हणजे खेळ. पोरं काय बनवतात ते मी बघितलंच नाही."

त्यानंतरचे तीन दिवस आमचं वाजलं. बाईंनी पास केलेले सगळे खेळ पुन्हा काढले आणि अर्धे उडवले. मी म्हटलं, शनिवार तोंडावर आलाय, हातात आहे ते तरी राहू द्या. त्या म्हणाल्या, तू गल्लीत जाऊन बोंब मार, इथे मला काम करू दे. मी खरोखरच गेले. पण बोंब मारावी लागली नाही. पाच नंबरवर पूल पडतो, ही बातमी चष्मेवालीने शाळेच्या नळापाशीच पसरवली होती. पॉलिटेक्निकच्या मास्तरांनी येऊन पूल सातही मशीनवर चढवून दिला. आणि तपासण्याची रीत बदलली. आता बाई चुकायला बसत नाहीत, शेजारी दोन पोरांना बसवतात आणि हरल्यावर त्यांचे हात बघतात. हात माऊस सोडून मागे गेले की खेळ परत. हात पुढे आले की ठेवायचा.

शनिवारी तेवीस मुलं होती. सात मशीन, तेवीस मुलं, म्हणजे कल्पना करा. सेक्रेटरी दारातच थांबले. "हा अभ्यास आहे की बाजार?"

त्याच क्षणी तीन नंबरवरचा पूल कोसळला आणि पोरांनी एकच गिल्ला केला. सेक्रेटरींनी अध्यक्षांकडे बघितलं, बघा म्हणून. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं जहाल. बाई माझ्याआधी बोलल्या, पण कमिटीशी नाही, पोरांशी.

"कुठे तुटला?"

"डाव्या खांबापाशी," एक जण म्हणाला.

"नाही, वरची फळी आधी निसटली," दुसरी.

"चौकोन हलतो म्हणून," चष्मेवाली म्हणाली.

अध्यक्ष गणिताचे निवृत्त मास्तर. इतका वेळ ते घड्याळ बघत होते. आता पुढे आले. "चौकोन हलतो म्हणजे?"

चष्मेवालीने कंपासपेटीतून चार पेन्सिली काढल्या, टोकाला रबरबँड गुंडाळले आणि चौकोन त्यांच्यापुढे धरून हलवला. तो लुळा पडला. मग एक पेन्सिल काढून उरलेल्या तिन्हींचा त्रिकोण केला. "आता हलवा." अध्यक्षांनी हलवला. हलेना.

"हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. पडून पडून कळलं."

अध्यक्ष तो त्रिकोण हातात धरून उभे राहिले. सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे, पण फॉर्मचं काय?" मग खिडकीशी उभं राहून कुजबुज झाली. निर्णय असा, की खोली वर्षभर राहील, दुपारपासून मुलांची. सकाळी दहा ते बारा फॉर्म भरायला.

मी उसळले. सकाळ का द्यायची? मशीन मी आणली आहेत.

बाई म्हणाल्या, "सकाळी पोरं शाळेत असतात. भांडतेस कोणासाठी?"

मी सेक्रेटरींना म्हटलं, घ्या सकाळ. असं फार वेळा होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

कमिटी खाली गेली, अध्यक्ष सोडून. ते चार नंबरपुढे बसले होते आणि सळया फार सरळ लावत होते. मागे नात उभी होती, हाताची घडी घालून.

"आजोबा, तुमचा दोनदा पडला. आता उठा. आमचा नंबर आहे."

"एकदाच अजून," अध्यक्ष म्हणाले, आणि तिने जरा विचार करून त्यांना एकदाच अजून दिलं.