खडूची चौकट

मी शिकलो तो कुसुमआत्यामुळे. आज ऑफिसात तिची फार आठवण आली.

अहवाल बनवणाऱ्या एका प्रोग्रामने सर्व्हरची सगळी मेमरी व्यापली, आणि रुग्णांना तपासणीची आठवण पाठवणारं रोजचं छोटं काम मध्येच बंद पडलं. पडद्यावर त्याच्या बिघाडाची एक लाल ओळ तेवढी उरली. मी प्रत्येक प्रोग्रामला मेमरीची मर्यादा आखून देऊ लागलो, तेव्हा शेजारचा सहकारी हसला, “रेशनचं दुकान काढलंस की काय?”

लहानपणी आमच्या एका खोलीच्या घरात आत्या रोज सकाळी शहाबादी फरशीवर खडूने चौकटी आखायची. एक शिलाई मशीनला, एक आजोबांच्या अंथरुणाला, एक माझ्या अभ्यासाला. पाहुण्यांचा पाय माझ्या चौकटीत आला की म्हणायची, “अहो दाजी, पाय घ्या मागं. तिथं पोरगं शिकतंय.” इतरांना घातलेल्या त्या मर्यादांनीच माझी जागा राखली होती.

बंद पडलेलं काम पुन्हा सुरू झालं. रुग्णांना निरोप गेले. पण मी मनातल्या त्या खोलीत आत्याची स्वतःची चौकट शोधत राहिलो. तशी चौकट नव्हतीच. आत्या उंबऱ्यावर बसायची.

घरी येऊन तिला पत्र लिहिलं: “आत्या, माझ्या खोलीत खिडकीपाशी खडूने एक चौकट आखली आहे. तिथे मी काहीही ठेवलेलं नाही. तू ये.”