उन्हामागं सरकणारा खुंटा

उन्हात तापलेल्या गोणपाटाचा वास आला की आमचा म्हातारा बैल आठवतो. औताला जुंपणं केव्हाच बंद झालं होतं. थंडीत पाठीवर गोणपाटाची झूल घेऊन तो अंगणात डोळे मिटून ऊन खायचा, आणि घराची सावली सरकेल तसा वडील त्याचा खुंटा उपटून उन्हात ठोकायचे. एकदा ताईच्या सोयरिकीसाठी ते नायगावला गेले. ऐन बोलणी चालू असताना त्यांचा फोन आला, तसं मला वाटलं, सोयरीक फिसकटली. म्हणाले, “सावली आली असंल बघ. खुंटा हलव.” “अन् सोयरिकीचं?” “ते होऊन राहिलं. आधी बैल बघ.” आज अंगणात वडिलांची खुर्ची उन्हात सरकवली, तर शालीतून डोळे न उघडताच ते हसले, “माझा खुंटा हलवला का गं?”