वाळूची हवा, दगडाची हवा

या, अशा जवळ बसा. उंबऱ्यात काय उभं राहता पाव्हण्यासारखं? इतक्या दिवसांनी तोंड दाखवता, आणि विचारता ते आमच्या शेजारच्या मोटारवाल्या भावजींचं!

मोटार उभी केली की भावजी आधी खाली उतरायचे आणि चाकात अंगठा रुतवून बघायचे. सांगोला ते सोलापूर सर्व्हिस मोटार होती त्यांच्याकडं. "आक्का, रस्त्याला इचारून हवा भरायची असती," हे रोजचं बोलणं.

तेव्हा भीमेवर पूल नव्हता. पात्रातल्या वाळूत उतरताना ते मागच्या दोन्ही चाकांची हवा सोडायचे. चाक पसरट झालं की रुतत नाही. पण पलीकडं सगळी खडी आणि दगड. तिथं पंप मारून चाकं टणक करायची, नाहीतर आतली ट्यूब चिरडते. आणि हा पंप उतारूंनी आळीपाळीनं मारायचा, असा त्यांचा कायदा. एकदा एक फेटेवाले पाटील खाली उतरेनात.

"तिकीट काढलंय की मी!"

"व्हय, पर दगडानं कुटं बघितलंय ते? उतरा पाटील."

पाटील घामाघूम, आणि आम्ही बायका पदराआड हसतोय.

त्यांची बायको पहिल्या बाळंतपणाला सांगोल्याकडं माहेरी गेलेली. मी तिला भेटायला गेले आणि त्याच दिवशी ती अडली. सुईण म्हणाली, "माझ्या हातातलं न्हाय. सोलापूरला दवाखान्यात न्या." भावजींनी मोटार आणली. तिचं डोकं माझ्या मांडीवर, तिची आई पायाशी.

वाळूत त्यांनी हवा सोडली. नदी पार झाली. वर दगडाला लागलो, तरी मोटार थांबेना.

"हवा भरा की आधी," कण्हत कण्हत तीच म्हणाली बघा.

"गप पड तू. आता येळ न्हाय."

भावजी म्हणाले हे. भावजी!

थोडं पुढं गेलो आणि मागचं एक चाक बसलं. जादा चाक लावतायत तोवर दुसरंही गेलं. जादा चाक एकच. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नाही. बैलगाडी मिळेपर्यंत ती गार पडली, पोटातल्या जिवासकट.

आईनं हंबरडा फोडला. भावजींनी वळूनसुद्धा बघितलं नाही. फाटलेल्या ट्यूबला पंप लावून ते हवा भरत होते. भरलेली सगळी फुस्स करून बाहेर. मी पंपावर हात ठेवला. "भावजी, पुरे आता."

"थांबा आक्का. हुतंय. हुतंय की."

त्यानंतर मोटारीला त्यांनी हात लावला नाही. एका सकाळी घराला कुलूप. कुर्डुवाडीच्या फलाटावर हमाली करतात असं कळलं, म्हणून आमचे हे जाऊन आले. म्हणाले, "हाक मारली. त्यानं वर बघितलं, ओळखलं, आणि ओझं उचलून चालायला लागला."

पुन्हा ते तिथंही दिसले नाहीत.

भिंतीपलीकडं आता उंदरांची खुडबूड तेवढी. दिवस खायला उठतो हो. पुन्हा या लवकर. आणि आलात की जरा मोठ्यानं बोला, ती खुडबूड कानी नको.