इतिहास वाचवणारा टोपीवाला

माझं अक्षर वाईट आहे, लिहिण्यात चुकाही होतात, माफ करा.

परंड्याजवळ आमचं धाब्याचं घर आहे. पावसाआधी छतावर जुन्या गावठाणातली पांढरी माती टाकली नाही, तर ते गळतं. माती आणायला गेले, तर तिथं एक टोपीवाला जुन्या सोड्याच्या बाटल्या खणत होता. अख्खी बाटली रुमालात गुंडाळायचा, फुटकी मागं भिरकावायचा.

मला म्हणाला, "बाई, माती नेऊ नका. हा इतिहास आहे."

"व्हय, पण घर गळंल की."

तेवढ्यात उत्खननाचे सरकारी लोक आले. त्यांनी त्याला विचारलं, "बाटल्या किती खोल होत्या? त्यावरून काळ कळतो."

"खालीच होत्या," तो म्हणाला.

त्यांनी त्याचं खणणं थांबवलं, माझंही. त्यानं उकरलेला ढीग चाळून खापरं, काचा ठेवून घेतल्या. "ही चाळलेली माती न्या, मावशी."

इतिहास काढून घेतलेली माती छतावर लई छान बसली.