सुंदराबाईच्या पदरातली कणीक

अंधेरीच्या त्या सात मजली इमारतीत प्रेमाकडे पाच घरांच्या चाव्या होत्या. कमरेला, निळ्या कापडी पिशवीत. बावीस वर्षं ती तिथे चपात्या करत होती. नवरा-बायको कामावर गेले की ही कुलूप उघडायची, चपात्या लाटायची, ओटा पुसायची आणि कुलूप लावून पुढच्या घरी जायची. गिरणी बंद पडल्यावर तिच्या बापाला कोणी दारात उभं केलं नव्हतं. त्याच्या मुलीच्या कमरेला पाच घरं लटकत होती. ह्या गोष्टीचा तिला कोण अभिमान! झोपतानाही पिशवी उशाखाली.

मोजायची तिची एक रीत होती. पाच चपात्या झाल्या की कणकेची एक चिमूट ओट्याच्या कडेला. वीस झाल्या की चार चिमटी. काम संपलं की त्या पदराच्या टोकाला बांधायच्या आणि खाली उतरून टाकीजवळच्या चिमण्यांना घालायच्या. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. खिडकीतून खाली डोकावलं की दिसायचं. पण तेवढी सवड इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या शुभावहिनींखेरीज कोणाला होती?

तिसऱ्या मजल्यावर देवव्रत राहायचा. बायको सकाळी सहालाच कामावर जायची. हा टीव्हीच्या मालिका लिही. म्हणजे दहाला उठे, काळी कॉफी घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे आणि लाटणाऱ्या प्रेमाकडे टक लावून बघे. आपण माणसं वाचतो, असं तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवी. वाचत असेलही, पहिलं पान झालं की मिटायची घाई.

"प्रेमाताई, राग आला की तुम्ही काय म्हणता हो?"

"म्हणतंय, माका शिकवू नका."

"झकास!" की लागला मोबाइलवर टिपायला.

तिच्या गावची भुतं झाली, सासू झाली, तिने करून आणलेली सोलकढी पिता पिता नवऱ्याचं दारू पिणंही विचारून झालं. पदरात कणीक का बांधता, एवढं मात्र ह्या वाचकाने कधी विचारलं नाही.

एक दिवस म्हणाला, "तुमच्यावरून कॅरेक्टर लिहिलंय. मढ आयलंडला शूटिंगही झालं. सोमवारी आठला बघा."

प्रेमा चुकली ती इथे. बाकीच्या चारही घरांत आणि शिवाय वॉचमनलाही तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "सोमवारी आठला मी टीव्हीवर."

"काय लिहिलंय ते विचारलंस का गं?" शुभावहिनी म्हणाल्या.

"वहिनी, माझी सोलकढी मागून पितो तो. वाईट कशाला लिहील?"

सोमवारी ती वहिनींकडेच बघायला बसली. पडद्यावर सुंदराबाई नावाची चपातीवाली आली. नाकात नथ, कमरेला निळी पिशवी, तोंडात 'माका शिकवू नका'. तिने इकडेतिकडे बघत कणकेची चिमूट पदरात बांधली आणि मागे ढॅण ढॅण वाजलं. मग तीच सुंदराबाई चाव्यांचे ठसे साबणावर घेताना दिसली, आणि शेवटी मालकिणीच्या पाटल्या त्याच पदरात.

वहिनींनी टीव्ही बंद केला.

"चपात्या लाटताना नथ कोण घालतं?" प्रेमा एवढंच म्हणाली आणि उठली.

मंगळवारी दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनी गोड हसल्या. "प्रेमाताई, कुलूप बदलतोय आम्ही. जुनी चावी तेवढी द्या ना." नवी कोणी दिली नाही. बुधवारी एकीचे दीर यायचे होते राहायला, एकीला सोसायटीचा कसलासा नियम आठवला. बावीस वर्षांत एक चमचा हलला नव्हता, आणि अर्ध्या तासाच्या मालिकेने सगळ्यांना अक्कल आली. मोठी शिकलेली माणसं!

पिशवीत दोन चाव्या उरल्या, वहिनींची आणि देवव्रतची. प्रेमा तडक तिसऱ्या मजल्यावर गेली.

"दादा, मी तुमच्या घरातला काय चोरलंय ता सांगा."

"अहो, ती तुम्ही नव्हे! काल्पनिक आहे. सुरुवातीला पाटी येते की तशी."

"तीन घरांनी चाव्या काढून घेतल्या माझ्या."

"बघा! म्हणजे कॅरेक्टर किती खरं उतरलंय." त्याचा चेहरा फुलला. मग कॉफीचा मग उगाच फिरवत तो म्हणाला, "अं… प्रेमाताई, माझी बायको म्हणत होती, आपली चावीही सध्या… म्हणजे गैरसमज नको."

चोरी ह्यानेच रचली, कोणी केली नाही हे पक्कं ठाऊक असलेला जगातला एकुलता एक माणूस हा, आणि हाच घाबरला!

तिने चावी टेबलावर ठेवली. म्हणाली, "चावी नाय, तर घरात माणूस हवा. उद्यापासून पहिलं घर तुमचं. सात वाजता. दार उघडा."

बाकीच्या तीन घरांनाही तिने तेच कळवलं: आठ, नऊ, दहा, दार उघडायला कोणीतरी थांबा. मृणालिनींचे दोन दिवस ऑफिसात लेटमार्क लागले. तिसऱ्या दिवशी, "जुनंच कुलूप बरं होतं हो," म्हणत त्यांनी चावी पुढे केली. मग दीर गावी गेले, नियमही बदलला. कोणी माफी मागितली नाही. प्रेमाने तशी अपेक्षा धरलीही नव्हती. चाव्या मोजून पिशवीत टाकल्या. चार.

देवव्रत आठवडाभर सातला उठला. डोळे चोळत, केस पिंजारलेले, दार उघडून भिंतीला टेकायचा. आठव्या दिवशी त्याने हात पुढे केला.

"प्रेमाताई, ठेवा ना ही चावी. विसरा आता ते."

प्रेमाने पाचवी चपाती तव्यावरून उतरवली, कणकेची चिमूट ओट्याच्या कडेला ठेवली आणि मान वर न करता म्हणाली,

"माका नको. तुमच्या सुंदराबाईक द्या."