तळ्याच्या पाण्याने धुतलेली हिरवी गाडी

परवा बुलढाण्यात आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली नातीने तिची नवी गाडी पहिल्यांदाच धुवायला काढली. एका हातात भांड्यांचा साबण, दुसऱ्या हातात तारेची घासणी... मी चहाचा कप तसाच ठेवून उठले.

घासणी काढून घेतली आणि मऊ कापड शोधायला आत गेले. कपाटात जुना मलमलीचा तुकडा हाताला लागला आणि मी तिथेच उभी राहिले. मन केव्हाच लोणारला पोचलं होतं...

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. बाबा लोणारला डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे गडद हिरव्या रंगाची एक जुनी मोटार होती. गावात मोटारी दोन-तीन, चालवणारी बाई एकही नाही, आणि मला अठराव्या वर्षी दुसरं काही सुचत नव्हतं. शेजारी बसून बघून बघून मला सगळं पाठ झालं होतं... झोपेतसुद्धा माझा पाय क्लच दाबायचा.

बाबा नाही म्हणायचे नाहीत, पण हो पण म्हणायचे नाहीत. चार दिवसांसाठी नागपूरला निघाले तेव्हा एसटीत चढता चढता म्हणाले, "गाडी ज्याले सांभाळता येते, त्यानं चालवावं. आधी नीट धुऊन ठेव, मंग पाहू."

झालं. मला वाटलं, गाडी अशी चमकवायची की बाबांना बोलायला जागाच राहू नये.

गावातल्या धारेचं, म्हणजे बारमाही झऱ्याचं, गोड पाणी घरात भरलेलं होतं. पण मला आठवलं खालचं सरोवर. त्या खाऱ्या पाण्यात सोडा असतो, हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, आणि मळके कपडे त्यात काय लख्ख निघायचे... कपड्यांना चालतं ते गाडीला का नाही चालणार?

सकाळीच दोन डबे घेऊन उतार उतरले. झाडीत मोर ओरडत होते, पाणी हिरवंगार आणि स्तब्ध, वास तेवढा नाकात बसणारा. दोन खेपांत जीव मेटाकुटीला आला, पण मनातल्या मनात मी मेहकरच्या रस्त्यावर गाडी पळवत होते.

भर दुपारी अंगणात धुतली. खसाखसा घासली आणि तशीच उन्हात वाळत ठेवली. ओल्या दारात माझा चेहरा दिसत होता... तो बघता बघता ओट्यावर डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडीवर पांढरे ओघळ वाळले होते. टपापासून दारापर्यंत नुसता खार. पुसून पाहिला तर खालचा हिरवा रंग राखेसारखा निस्तेज झालेला. मी रडले, खरंच रडले... गाडीसाठी कमी आणि स्टिअरिंगसाठी जास्त.

समोर रहीमचाचा राहायचे. लोखंडी पेट्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी बोनेटवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"तळ्याचं पाणी व्हय हे, माय. कपड्याचा मळ खाते, तसं रंगाचं तेल बी खाते. अन् उन्हात काऊन धुतली?"

पुढचे तीन दिवस चाचांनी मला शिकवलं. स्वतः हात लावला नाही. तू बिघडवली, तूच नीट कर, एवढंच. गाडी अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत घ्यायची. आधी नुसतं गोड पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग टपापासून सुरू करून खाली यायचं. चाकांचं फडकं वेगळं, रंगाचं वेगळं.

गाडी कोरडी झाली की मलमलीच्या तुकड्यावर नखाएवढं मेण. टर्पेंटाईन घालून ते त्यांनीच मऊ केलं होतं. एका वेळी वीतभर जागा, हलक्या हाताने... "घाई नको करू. रंग बी माणसावाणीच असते, लय चोळला का चिडते."

त्या तीन दिवसांत मी गाडी चालवायचं जवळजवळ विसरले. कडुनिंबाची सावली गाडीवर हलायची आणि कापडाखालून हिरवा रंग हळूहळू परत यायचा... इतकं शांत मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. बोनेटवरचा तळहाताएवढा एक डाग मात्र गेला नाही. चाचा म्हणाले, राहू दे तेवढा.

बाबा आले. हातातली बॅगही खाली न ठेवता गाडीभोवती फिरले आणि नेमके त्या डागापाशी थांबले. मी चांगली थाप तयार ठेवली होती, पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. "बाबा, तळ्याचं पाणी वापरलं मी. चाचांनी शिकवलं, मग नीट केली."

बाबांनी डागावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, संपलं... आता आयुष्यभर गाडीला हात लावायला मिळत नाही.

त्यांनी बॅग मागे टाकली, किल्ली स्टिअरिंगजवळ लावली आणि वळसा घालून डावीकडच्या दाराने आत जाऊन बसले. आपल्या गाडीत बाबांना डावीकडे बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. उजवीकडचं दार माझ्यासाठी उघडं होतं, हे कळायला मला थोडा वेळच लागला.

गाडी तीनदा बंद पडली. बाबा रस्त्याकडे बघत बसले, एक शब्द बोलले नाहीत. समोरच्या ओट्यावर चाचा हसत होते.

परवा नातीची गाडी धुऊन झाली. सावलीत, टपापासून खाली, त्याच मलमलीच्या तुकड्याने मेण लावून. तिने किल्ली फिरवली आणि म्हणाली, "चल आजी, एक चक्कर मारू."

मी वळसा घालून डावीकडच्या दारापाशी गेले. तिला अजून गिअर नीट पडत नव्हते आणि माझा जीव मुठीत होता... पण मी रस्त्याकडे बघत गप्प बसले. तसं गप्प बसायला बाबांना त्या दिवशी किती जड गेलं असेल, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.